जनुक तयार आहे, त्याला पेशीत नेणार कोण?

वर्षावासात विहारातले प्रवचन संपले आणि आरोग्याचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. कॉलेजात जाणारा एखादा मुलगा मोबाईलवरची बातमी पुढे करतो आणि विचारतो, "ताई, सिकलसेल मुळापासून बरा करणारा जनुकाचा उपचार निघाला म्हणे?" मागे बसलेली आजी लगेच म्हणते, "हाई खरं शे का?" ज्यांच्या घरात सिकलसेलचे लेकरू आहे, त्या घरात या बातमीने झोप उडते. कोणी आशेने उडते, कोणी पैशाच्या काळजीने. काही जण तर चालू गोळ्या बंद करून त्या उपचाराची वाट पाहू लागतात. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

बातमी खरी आहे. सिकलसेलवरच्या जनुकीय उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. पण त्याची किंमत ऐकली की आपण गप्प होतो. 'कॅसजेव्ही' या उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. त्या वेळच्या भावाने हे अठरा कोटी रुपयांच्या वर जातात. दुसऱ्या 'लिफजेनिया' या उपचाराची किंमत ३१ लाख डॉलर.

हे एवढे महाग का? अनेकांना वाटते, जनुक बनवणे अवघड असेल. तसे आता राहिलेले नाही. जनुकाचा हवा तो तुकडा प्रयोगशाळेत तयार होतो. अवघड आहे ते त्याला माणसाच्या पेशीत सुखरूप पोचवणे. औषध हातात आहे, रोगी समोर आहे, पण मधली गाडी महाग आहे किंवा धोक्याची आहे. या गाडीसाठी जगात ज्या वाटा शोधल्या गेल्या, त्यातली एक स्वस्त वाट म्हणजे धनभारित पॉलिमर. शास्त्रज्ञ त्यांना कॅटायनिक पॉलिमर म्हणतात. आजचा लेख या गाडीविषयी आहे.

एका अक्षराचा आजार

आपल्या शरीराचा सगळा आराखडा डीएनए नावाच्या लांब धाग्यावर लिहिलेला असतो. त्यात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. या धाग्याचा एकेक अर्थपूर्ण तुकडा म्हणजे जनुक. रक्तातला हिमोग्लोबिन कसा बनवायचा, हे अशाच एका जनुकात लिहिलेले असते. सिकलसेलच्या रुग्णात त्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ती बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि असह्य वेदना सुरू होतात. चांगली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांत मरते. म्हणून रुग्णाचे रक्त सतत कमी होत राहते.

आपल्या भागात हा आजार नवा नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांत भिल्ल आणि पावरा बांधवांमध्ये तो बराच आढळतो. विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या बौद्ध समाजातही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. खान्देशातल्या आपल्या सोयरिकी बुलढाणा, अकोल्यापासून नागपूरपर्यंत पसरलेल्या आहेत. त्यामुळे हा 'त्यांचा' आजार म्हणून हात झटकता येत नाही. आणि हा कोणत्या जातीचा दोषही नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हे बदललेले जनुक टिकून राहिले. कारण ज्याच्याकडे ते एकाच बाजूने आलेले असते, त्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काही संरक्षण मिळते. मागच्या जन्माचे पाप वगैरे यात काही नाही.

पेशीचे दार बंद का?

मग दुरुस्त जनुक सलाईनमधून सोडले तर? काहीच होणार नाही. रक्तात डीएनएचे तुकडे करणारी विकरे असतात, ती त्याला वाटेतच कापून टाकतात. त्यातून वाचलेला तुकडा पेशीपर्यंत गेला तरी आत शिरत नाही. कारण विजेच्या भाराचे आहे. डीएनएच्या धाग्यावर सगळीकडे ऋण भार असतो. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरही ऋण भारच असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. त्यातच डीएनए लांबलचक आणि पसरट. आपल्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. असा पसारा पेशीच्या दारातून जाणार कसा?

म्हणजे गाडीला तीन कामे करावी लागतात. डीएनएला आवळून लहान करायचे, वाटेतल्या विकरांपासून झाकायचे आणि त्याचा ऋण भार लपवायचा.

तुरटीचे तत्त्व

पॉलिमर हा शब्द परका वाटतो, पण वस्तू रोजची आहे. एकच लहान कडी पुन्हा पुन्हा जोडून झालेली लांब साखळी म्हणजे पॉलिमर. जळगावच्या एमआयडीसीत ज्या प्लॅस्टिकच्या चटया आणि पाईप तयार होतात, ते पॉलिमरच. आपल्या वस्तीतली कितीतरी माणसे त्या कारखान्यांत पाळी करतात. निसर्गही पॉलिमर बनवतो. शेतातला कापूस म्हणजे सेल्युलोज आणि कच्च्या केळ्यातले पीठ म्हणजे स्टार्च, दोन्ही पॉलिमरच.

आता 'धनभारित' म्हणजे काय ते पाहू. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले की आपण हंड्यात तुरटी फिरवतो. गाळाच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतला ॲल्युमिनियम धन भाराचा. तो त्यांचा भार मारतो, कण एकत्र येतात, गोळे होतात आणि तळाला बसतात. धनभारित पॉलिमर डीएनएच्या बाबतीत असेच करतो. त्याच्या साखळीवर जागोजागी धन भार असतात. डीएनएच्या पाण्यात तो मिसळला की दोघे एकमेकांना चिकटतात आणि पसरलेला धागा आवळून घट्ट गोळा होतो. जिनिंग-प्रेसिंगमध्ये खोलीभर मोकळा कापूस दाबून एक गाठ बांधतात, अगदी तसे. ही गाठ साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते. पॉलिमर थोडा जास्त घातला तर गाठीच्या बाहेरच्या अंगाला धन भार उरतो. मग ऋण भाराच्या पेशीला ती आपोआप जाऊन चिकटते. केसांना लावायच्या कंडिशनरमध्येही असेच धनभारित पॉलिमर असतात. केसावर ऋण भार असतो, म्हणून ते धुतल्यावरही केसाला धरून राहतात.

या कुळातला सगळ्यात प्रसिद्ध पॉलिमर म्हणजे पॉलीइथिलिनइमाइन, थोडक्यात पीईआय. कागद उद्योगात तो आधीपासून वापरला जात होता. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवले की तो जनुकेही पेशीत नेऊ शकतो. कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलांपासून मिळणारा कायटोसान हाही धनभारित पॉलिमर. त्याचा शरीराला त्रास कमी, पण जनुक पोचवण्याची ताकदही कमी.

दाराच्या आत आणखी एक कोठडी

गाठ पेशीला चिकटली म्हणजे काम झाले असे नाही. पेशी तिला गिळते, पण गिळून एका पिशवीत कोंडते. त्या पिशवीत हळूहळू आम्ल वाढत जाते आणि शेवटी आतला माल पचवला जातो. जनुकाने तिथून वेळेत सुटले पाहिजे.

इथे पीईआयची खुबी आहे. त्याच्या साखळीत दर तिसरा अणू नायट्रोजनचा असतो. पिशवीत येणारे आम्ल हे नायट्रोजन स्पंजासारखे शोषत राहतात. पेशी आणखी आम्ल ओतते, त्याबरोबर क्षार येतात, क्षारांमागे पाणी येते. पाण्यात टाकलेल्या बेदाण्यासारखी पिशवी फुगते आणि फाटते. गाठ बाहेर पडते. ही झाली 'प्रोटॉन स्पंज' कल्पना. पिशवी खरोखर अशीच फाटते का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण माल बाहेर येतो, हे प्रयोगांत दिसते.

पुढचा टप्पा पेशीच्या केंद्रकाचा. डीएनएचा संदेश वाचला जातो तो केंद्रकात, त्यामुळे त्याला तिथपर्यंत जावे लागते. आरएनए नावाचा संदेश मात्र केंद्रकाच्या बाहेरच वाचला जातो. म्हणून आरएनएचे काम एका दाराने सोपे होते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लसीच्या वेळी लागेल.

जो गुण तोच दोष

एवढी स्वस्त आणि सोपी गाडी असताना ती दवाखान्यात का दिसत नाही? कारण जो चिकटपणा तिचा गुण, तोच तिचा दोष. धन भाराची साखळी पेशीच्या पडद्याला चिकटते, तशी ती पडद्याला भोकेही पाडू शकते. साखळी लांब असेल तर जनुक चांगले पोचते, पण पेशी जास्त मरतात. साखळी आखूड केली तर पेशी वाचतात, पण जनुक पोचत नाही. रक्तात सोडली तर ती रक्तातल्या प्रथिनांना चिकटून गुठळ्या करते, आणि त्या गुठळ्या फुप्फुसात अडकतात. शिवाय पीईआय शरीरात सहज विरघळून जात नाही.

यावर उपाय शोधणे चालू आहे. काम झाल्यावर आपोआप तुटणाऱ्या साखळ्या अमेरिकेत रॉबर्ट लँगर यांच्या प्रयोगशाळेने २००० च्या सुमारास पुढे आणल्या. जिथे गाठी रक्तात सोडाव्या लागत नाहीत, अशा जागीही प्रयोग झाले. मूत्राशयाच्या कर्करोगात पीईआयमध्ये बांधलेला डीएनए नळीने थेट मूत्राशयात सोडून रुग्णांवर चाचण्या झाल्या.

सिकलसेलला मात्र हाडांच्या मगजातल्या मूळ पेशींपर्यंत पोचावे लागते. रक्तातून सोडलेल्या अशा गाठी बहुतेक फुप्फुसात किंवा यकृतात जाऊन बसतात. मगजापर्यंत नेमके नेणारी, पॉलिमरची मान्यताप्राप्त गाडी सिकलसेलसाठी आज जगात कुठेही नाही. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आपल्या दंडात आलेल्या गाड्या

हे सगळे दूरच्या देशातले वाटेल. पण पेशीत जनुक नेणारी गाडी आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात एकदा तरी आली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड आठवा. त्यात चिंपांझीला सर्दी करणाऱ्या विषाणूला निकामी करून त्याच्या पाठीवर कोरोनाच्या एका प्रथिनाचे जनुक बसवले होते. विषाणू ही निसर्गाने घडवलेली गाडी. पेशीचे दार कसे उघडायचे ते त्याला उपजतच माहीत असते.

पुण्याच्याच जिनोव्हा कंपनीने आरएनएची लस केली, जेमकोव्हॅक-१९. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिच्यात विषाणू नव्हता. ऋण भाराचा आरएनए धन भाराच्या स्निग्ध कणांवर चिकटवला होता. म्हणजे तत्त्व तेच, तुरटीचे, फक्त पॉलिमरच्या जागी धन भाराची चरबी. ही लस २ ते ८ अंशांत राहते. परदेशातल्या एका आरएनए लसीला सुरुवातीला उणे ७० अंशांची थंडी लागायची. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरमध्ये २ ते ८ अंशच असतात. लसीकरणाच्या दिवशी शीतपेटी घेऊन पाड्यावर चालत गेलेल्या कोणत्याही सिस्टरला विचारा, या आकड्याचे मोल काय आहे. गाडी कशी बांधली आहे त्यावर ठरते की औषध मुंबईत थांबेल की साक्रीच्या पाड्यापर्यंत जाईल.

त्या काळात वस्त्यांत अफवा होती की लसीने माणसाची जनुके बदलतात. आता उत्तर देता येईल. आरएनए केंद्रकात जात नाही, काम झाले की मोडून जातो. कोविशिल्डमधले जनुक केंद्रकात जाते, पण आपल्या डीएनएत स्वतःला शिवून घेण्याची व्यवस्था त्या विषाणूत नाही.

तिसरे उदाहरण मुंबईचे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून रक्ताच्या काही कर्करोगांवर 'नेक्सकार-१९' हा उपचार उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. यात रुग्णाच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून विषाणूच्या गाडीने त्यांत नवे जनुक घालतात आणि त्या परत शरीरात सोडतात. परदेशातल्या किमतीच्या सुमारे एक दशांश खर्चात हे होते. तरीही रक्कम लाखांत आहे.

अशा विषाणूच्या गाड्या कारखान्यात बनवताना आपला पॉलिमर पुन्हा भेटतो. मोठ्या टाक्यांत वाढवलेल्या पेशींमध्ये विषाणूचे सुटे भाग बनवणारे डीएनए घालावे लागतात. ते घालण्यासाठी जगभर पीईआय वापरला जातो. रुग्णाच्या अंगात न जाता तो पडद्यामागे काम करतो.

अठरा कोटी कुठे जातात?

कॅसजेव्हीत गाडी म्हणून विषाणूही नाही आणि पॉलिमरही नाही. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढतात आणि विजेच्या क्षणिक झटक्याने त्यांचे दार उघडून जनुक कापणारी कात्री आत सोडतात. जन्मानंतर झोपी गेलेला बाळाचा हिमोग्लोबिन त्यामुळे पुन्हा जागा होतो. पण दुरुस्त पेशी परत देण्याआधी मगजातल्या जुन्या पेशी कडक औषधांनी मारून टाकाव्या लागतात. त्यासाठी आठवडेच्या आठवडे दवाखान्यात राहावे लागते. संसर्गाचा धोका असतो, पुढे मूल न होण्याची शक्यता असते. प्रत्येक रुग्णाचे औषध वेगळे, निर्जंतुक खोलीत वेगळे बनवावे लागते. वर कंपनीचा नफा. अठरा कोटींचा हिशेब असा होतो.

म्हणून स्वस्त गाडीचा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा. पेशी बाहेर न काढता, बाटलीतले औषध शिरेतून देऊन मगजातले जनुक दुरुस्त झाले, तर हा उपचार जिल्हा रुग्णालयात येऊ शकेल. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी २०१९ मध्ये याच दिशेने, सिकलसेल आणि एचआयव्हीसाठी, मिळून २० कोटी डॉलर लावायचे ठरवले. आपल्याकडे दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' हा स्वदेशी जनुकीय उपचार जाहीर केला आणि तो पुढे नेण्यासाठी सीरम इन्स्टिट्यूटशी हातमिळवणी केली. बिरसा मुंडांचे नाव दिले, आनंद आहे. पण त्या नावाचा मान तेव्हाच राहील, जेव्हा बिरसाच्या लेकरांना तो फुकट मिळेल. तूर्त तो आपल्या दवाखान्यात मिळणारा उपचार नाही. माणसांवरच्या चाचण्यांचे टप्पे पार पडावे लागतात.

चाचणीसाठी विचारले तर

उद्या अशा चाचण्यांसाठी रुग्ण शोधत लोक वस्तीत आणि पाड्यात येतील. ते येणे वाईट नाही. चाचणीशिवाय औषध सिद्ध होत नाही. पण आपण कोरा कागद नाही, हक्क असलेले नागरिक आहोत. २००९-१० मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना एचपीव्ही लस एका प्रकल्पात दिली गेली. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेक संमतीपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या आणि संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. ती लस चांगली आहे आणि मुलींना मिळालीच पाहिजे. चूक होती ती न विचारता गृहीत धरण्याची.

आज २०१९ चे नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियम आपल्या बाजूने आहेत. माहिती आपल्याला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. नकार दिला म्हणून नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे. दुर्बल गटातल्या माणसांवर नव्या औषधाची चाचणी असेल तर संमतीचे चित्रीकरण करावे लागते. प्रत्येक चाचणीची सरकारच्या सीटीआरआय नोंदवहीत नोंद असावी लागते. "नोंदणी क्रमांक सांगा," एवढे एक वाक्य पाठ करा.

याच वाक्याने भोंदूही ओळखता येतात. 'डीएनए दुरुस्त करणारी पावडर', 'स्टेम सेलच्या गोळ्या', 'जीन थेरपीचे पॅकेज' असे काही कोणी विकत असेल, तर तुमच्या हातात आता एक कसोटी आहे. त्याला विचारा, "तुमचे जनुक पेशीत नेणारी गाडी कोणती?" तोंडाने घेतलेला डीएनए पोटात पचून जातो. आपण भाजी-भाकरीबरोबर रोज तो खातोच. तथागतांनी कालामांना सांगितले ते इथे लागू पडते. ऐकले म्हणून, छापले म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा.

तोवर हातात काय आहे?

हातात बरेच आहे, आणि ते बहुतेक सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

पहिली गोष्ट, तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर पुढची चाचणी सांगते की माणूस वाहक आहे की रुग्ण. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. अभियानाचा भर आदिवासी भागावर आहे, म्हणून शहरातल्या वस्तीने स्वतः जाऊन तपासणी मागावी.

दुसरी गोष्ट, हायड्रॉक्सीयुरिया. ही साधी गोळीही बाळाचा हिमोग्लोबिन वाढवते. जे काम कॅसजेव्ही कोटी रुपयांत जनुक कापून करते, त्याच दिशेचे काम ही गोळी रोज थोडे थोडे करते. वेदनेचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी रक्त तपासत घ्यायची असते. मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना सांगायचे. नव्या उपचाराची बातमी ऐकून ही गोळी बंद करणे म्हणजे बोगदा होणार म्हणून आजच घाटरस्ता सोडून देणे.

तिसरी गोष्ट, रोजची काळजी. भरपूर पाणी, फॉलिक ॲसिड, बाळाच्या सगळ्या लसी, त्यातही न्यूमोनियाची पीसीव्ही. उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत जपणे. ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक हात-पाय लुळा पडणे, लहान मुलाचे पोट डावीकडे एकाएकी फुगणे, यात घरी थांबू नका. धुळ्याचे हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा.

चौथी गोष्ट, लग्न. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचा अहवाल पूर्ण स्वच्छ असेल तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. त्यामुळे वाहक मुलीला नाकारण्याचे कारणच नाही. पत्रिका आपण सोडली. तिच्या जागी रक्ताचा अहवाल आणा, तोही दोन्ही बाजूंचा.

पाचवी गोष्ट, हक्क. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढा. एसटीच्या प्रवास सवलतीची डेपोत चौकशी करा.

आपल्या मुलांनी ही गाडी बांधावी

शेवटी एक सूचना आणि एक इच्छा. १९३७ साली ३१ जुलैला बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला आपण तिथे जमतो. तिथे पुस्तकांचे स्टॉल असतात, भोजनदान असते. त्यांच्या शेजारी सिकलसेल तपासणीचे एक टेबल लावायला हवे. आरोग्य खात्याला महिनाभर आधी पत्र द्यावे, विहाराच्या महिला मंडळाने नोंदणी सांभाळावी. दिवसभरात कितीतरी तरुणांना आपल्या रक्ताविषयी कळेल.

आणि इच्छा अशी. धन भाराची साखळी किती लांब असावी, ती केव्हा तुटावी, मगजातल्या पेशीला तिने कसे ओळखावे, हे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. ते रसायनशास्त्राचे प्रश्न आहेत. जळगावच्या विद्यापीठात, शिरपूरच्या फार्मसी महाविद्यालयात आपली मुले-मुली बी.एस्सी., बी.फार्म. करत आहेत. पुढे संशोधनासाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. चटई कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाला पॉलिमर हाताला माहीत आहे. त्याच्या लेकीने तो सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावा. ज्यांच्या घरात वेदना आहे, त्यांच्यातला कोणी प्रयोगशाळेत असला तर स्वस्ताचा प्रश्न तिथे रोज विचारला जाईल.

तोवर या महिन्यात एवढे करा. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या आणि घरात रुग्ण असेल तर त्याच्या गोळ्यांचा डबा उघडून पाहा, किती दिवसांच्या उरल्या आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.